ज्येष्ठांचा उपक्रम : हॉल, फोन-फेरी आणि गाडी

सचिव : नमस्कार. आठवड्यातून एकदा हॉलमध्ये ज्येष्ठांचा कार्यक्रम आणि एकट्या राहणाऱ्यांना रोज एक फोन, एवढं कमिटीत ठरलंय. शेजारच्या दोन सोसायट्याही सोबत आहेत. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी सुरुवात करावी असा विचार आहे. सूचना इथेच टाका. फुलांचे फोटो नकोत, प्लीज.

बी-१०४ : तारीख ठीक आहे. पण उद्घाटनाला गर्दी आणि तिसऱ्या आठवड्याला चार टाळकी, हे सगळीकडे होतं. कार्यक्रम कंटाळवाणा होता म्हणून लोक गळतात असं थोडंच असतं! घरापासून खुर्चीपर्यंत पोचणं जमत नाही म्हणून गळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतल्या लोकांशी बोलून ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. तिच्या आठ विषयांत पहिला मोकळ्या जागा आणि इमारतींचा, दुसरा वाहतुकीचा. लोकांचा सहभाग चौथा.

सी-५०१ (सिस्टर) : वेळ सकाळी ८ ची अजिबात नको. बीपीसाठी किंवा पायाच्या सुजेसाठी अनेकांना लघवी होण्याची गोळी असते. ती सकाळी घेतली की पुढचे काही तास सारखं उठावं लागतं. मग माणूस एक तर घरीच थांबतो, नाहीतर त्या दिवशी गोळी टाळतो. दुसरं जास्त वाईट. ११ ते १२ ठेवा.

डी-३०२ : सिस्टर, हे उघड कोणी बोलत नाही, बरं झालं तुम्ही बोललात. टॉयलेटची कडी अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल अशी बसवा. आणि कमोडशेजारी धरायला दांडी.

सी-५०१ (सिस्टर) : हो काका. फक्त टॉवेलच्या रॉडला दांडी समजू नका, तो माणसाचं वजन घेत नाही. टॉयलेटच्या दारावर चित्र आणि शब्द दोन्ही लावा. हॉलच्या दारातलं काळं पायपुसणं काढून टाका. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तो गडद चौकोन खड्ड्यासारखा वाटू शकतो, नेमके तिथेच पाय अडतात.

ई-४०५ : रॅम्पचं काय? तात्पुरती फळी टाकून चालेल ना?

बी-१०४ : नाही चालणार दादा. चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. दोन पायऱ्या मिळून ३० सेंमी असतील तर रॅम्प ३.६ मीटर लांब लागतो. दीड मीटरची फळी म्हणजे १:५, त्यावर व्हीलचेअर मागे कलंडते. तेवढी जागा नसेल तर पार्किंगकडचं सपाट दार उघडा. त्याची किल्ली कोणाकडे असते ते आधी शोधा.

सचिव : वॉचमनकडे. बहुतेक.

ए-२०३ (फिजिओ) : खुर्च्यांबद्दल. हाताच्याच हव्यात, बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंमी. त्याहून खाली असेल तर उठताना दुसऱ्याने ओढावं लागतं आणि खांदा दुखावतो. खाली सतरंजी नको. पायात नुसते मोजे नकोत, टाइल्सवर घसरतात.
पहिल्या दिवशी व्यायाम नाही, फक्त नोंद. प्रत्येकाने खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीने, काठी असेल तर काठीसह. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजायचा. त्यांच्याजवळ नेहमी एक माणूस उभा राहील, आणि त्यांच्या डॉक्टरांना कळवायचं.
आणि एक खरं सांगते, आठवड्यातून एकदा हातवारे करून तोल सुधारत नाही. ६५ च्या पुढच्यांना तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम आठवड्यात किमान ३ दिवस हवा. म्हणून घरी करायला दोनच गोष्टी द्या : खुर्चीतून उठ-बस, आणि ओट्याला धरून एका पायापुढे दुसरा पाय ठेवून १० सेकंद उभं राहणं. दहा व्यायामांचा कागद दिला तर एकही होत नाही.

ई-४०५ : बीपी तपासायचं मशीन मी देतो. रांग लावून पटापट करू.

सी-५०१ (सिस्टर) : पटापट केलं की आकडा चुकलाच! आधी ५ मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, गप्पा बंद. पट्टा दंडाला लहान पडला तर बीपी खोटंच जास्त दिसतं, म्हणून मोठा पट्टाही आणा. चक्कर येते म्हणणाऱ्यांचं उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे पाठवा. ‘ही गोळी अर्धी करा’ असं कोणीही सांगायचं नाही, माझ्यासकट.

डी-३०२ : माइकवर ओरडू नका एवढी विनंती. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत.

ए-२०३ (फिजिओ) : अगदी बरोबर, काका. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ हे हरवतात. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. खुर्च्या रांगेत नको, अर्धगोलात. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, ओठ दिसले पाहिजेत.

सचिव : आता फोन-फेरी. १४ नावं आली आहेत. रोज आळीपाळीने कोणीही करेल असं चालेल का?

बी-१०४ : नको. ओळखीचा आवाज आणि ठरलेली वेळ, याशिवाय फेरीला अर्थ नाही. एका स्वयंसेवकाकडे ५ पेक्षा जास्त नावं देऊ नका. म्हणजे तिघं लागतील, आणि शिवाय एक राखीव, तोही ओळख करून दिलेला. राखीव नसेल तर पहिल्या लग्नसराईत फेरी बंद पडेल.
‘बरं आहे ना?’ असं विचारूच नका. उत्तर ‘हो’ हेच येतं. त्याऐवजी : रात्री किती वेळा उठलात? सकाळपासून काय खाल्लं? आज कोणी येणार आहे का? सलग दोन दिवस ‘काही खावंसं वाटलं नाही’ आलं की सिस्टरना सांगायचं.

सी-५०१ (सिस्टर) : नेहमी नीट बोलणारी व्यक्ती एका दिवसात असंबद्ध बोलू लागली तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवी गोळी, काहीही असू शकतं. तोंड वाकडं किंवा जीभ जड वाटली तर वाट न पाहता सरळ अॅम्ब्युलन्स.

ई-४०५ : आणि फोन उचललाच नाही तर?

बी-१०४ : हीच खरी सेवा, बाकी गप्पा. क्रम लिहून ठेवायचा. १५ मिनिटांनी दुसरा फोन. मग शेजाऱ्याने बेल वाजवायची. मग नातेवाइकांना फोन : गावाला गेलेत का? तरीही पत्ता नसेल तर किल्ली घेऊन दोघांनी मिळून आत जायचं, एकट्याने कधीच नाही. आतून कडी असेल तर पोलिस आणि अग्निशमन दल. हे सगळं चालेल अशी सही आधीच घेतलेली हवी.
किल्ली बंद पाकिटात, चिकटवलेल्या जागेवर मालकाची सही. पाकिटावर फ्लॅट नंबर नाही, फक्त खूण. नंबरांची यादी दुसऱ्याकडे. वहीत ‘उचलला नाही’ आणि ‘बाहेरगावी’ हे वेगळे रकाने, नाहीतर महिन्याभरात सगळ्यांना सगळेच बाहेरगावी वाटायला लागतात.

डी-३०२ : आणि आम्ही गावाला जाताना सांगत नाही, ही आमची खोड. दारात पाटी लावा.

बी-१०४ : लावू. काळी अक्षरं, १६ पॉइंटच्या वर, साध्या कागदावर. लॅमिनेशन नको, दिव्याखाली चमकतं. आणखी एक नियम : स्वयंसेवकाने कोणाचं एटीएम कार्ड, पिन, ओटीपी घ्यायचा नाही, कोणी आग्रह केला तरी.

सचिव : गाडी एकच मिळतेय, शेजारच्या सोसायट्यांमधून चार जण आणायचे. वीस मिनिटांत होईल?

बी-१०४ : नुसतं ड्रायव्हिंग वीस मिनिटं. वॉकर घडी करणं, बसणं, पट्टा लावणं यात माणशी ५-७ मिनिटं धरा. गाडी उंच असेल तर रुंद, न हलणारं पायठाण आणा. आणि सोडताना ज्या क्रमाने घेतलं त्याच क्रमाने सोडा. पहिल्याला घेऊन शेवटी सोडलं तर तो दुप्पट वेळ गाडीत बसतो, आणि पुढच्या वेळी येत नाही.

ए-२०३ (फिजिओ) : कोणी पडलंच तर काखेत हात घालून लगेच उचलू नका, प्लीज. आधी विचारा कुठे दुखतंय. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हलवायचंच नाही. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस हसत असला तरी हॉस्पिटल. काही लागलं नसेल तर कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन, समोरच्या खुर्चीवर हात टेकून त्यांना स्वतः उठू द्या. मागे दुसरी खुर्ची तयार ठेवा.

सचिव : ठीक. १ ऑक्टोबरला भाषण नाही, फक्त नोंदणी, चाल-तपासणी आणि सहीचे फॉर्म. कडी आणि दांडीचं काम त्याआधी करून घेतो. फोन-फेरीला बी-१०४ आणि सी-५०१ आहेत, अजून दोन नावं हवीत, त्यातलं एक राखीव.

ई-४०५ : माझं लिहा, सकाळी ९ ते ९:३०. राखीव नको, पक्कंच.

डी-३०२ : राखीव मी. आणि ते पायपुसणं आत्ताच उचललंय.