गवती चहा कोणी भादरला?

ग्रुप: सोसायटी – फक्त महत्त्वाचे निरोप
रविवार सकाळ

देशपांडे काकू ए-१०४ (६.५२): पंपरूमच्या मागचा गवती चहा कोणीतरी पार बुडख्यापासून भादरून नेला आहे. नेला त्याबद्दल बोलत नाही. पण कापायची काही रीत असते. पाच-सहा बोटं सोडून कापला तर परत फुटतो. ज्यांनी नेला त्यांना मी कोणाला म्हणतेय ते बरोबर कळलंय. कढीपत्त्याच्या वेळीही मी गप्प बसले होते.

निखिल सी-१०१ (७.०४): काकू, कढीपत्त्याच्या वेळी तुम्ही गप्प नव्हता बसलात. मी तेव्हा नवीन होतो, घाबरून ग्रुप म्यूट केला होता.

परांजपे बी-३०१ (७.११): सुप्रभात मंडळी. झाल्या प्रकाराचा निषेध. विषय निघालाच आहे तर आरोग्यदायी चहाची कृती देतो. दोन कप पाण्यात इंचभर आलं ठेचून, तुळशीची पाच-सहा पानं, दालचिनीचा तुकडा, दोन मिरी, चिमूटभर सुंठ. पाच मिनिटं उकळावं. मग अर्धा चमचा चहा पावडर, वर झाकण. दूध नंतर. साखरेऐवजी गूळ. आम्ही गेली तीन वर्षं हाच पितो, सर्दी माहीत नाही. आजच्या चहाचा फोटो जोडला आहे.

मोहिते काकू ए-३०३ (७.१४): आलं आणि सुंठ दोन्ही? भावजी, ते एकच की हो.

साठे ए-२०२ (७.१५): मसाले राहू द्या. साखर किती?

परांजपे बी-३०१ (७.१६): गूळ लिहिलंय, साठे. चष्मा लावा.

साठे ए-२०२ (७.२३): गूळ म्हणजे पण साखरच. शुगरवाल्यांनी गुळाच्या नावानं स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, झाले आठ. चमचा चार-पाच ग्रॅमचा. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय की वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. इथे नुसत्या चहातच ३० च्या वर. मग तुळस काय करणार बिचारी?

कांबळे ताई बी-१०२ (७.२६): आमचा गुळाचा चहा दर वेळी फाटतो. मुलं हसतात.

देशपांडे काकू ए-१०४ (७.२९): गॅस बंद करून मग गूळ घाला, गूळ घातल्यावर उकळी नको. आलंसुद्धा आधी पाण्यात चांगलं उकळून घ्यायचं, कच्चं आलं दुधात पडलं की दूध नासतं. वेलदोडा सगळ्यात शेवटी, नाहीतर त्याचा वास स्वयंपाकघरात राहतो आणि चहा कोराच्या कोरा. आणि विषय बदलू नका. गवती चहा.

मोहिते काकू ए-३०३ (७.३३): मी तर रोज ज्येष्ठमधाची काडी टाकते चहात. घसा मोकळा राहतो, गोडही लागतो. साठे भावजी, यात साखर शून्य.

डॉ. रेवती सी-४०३ (७.४१): मोहिते काकू, रोज नको. ज्येष्ठमधानं बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. घसा बसला तर चार दिवस ठीक आहे. तुमची बीपीची गोळी मागच्या महिन्यात वाढवली ना?

मोहिते काकू ए-३०३ (७.४३): माझं बीपी ग्रुपवर कशाला काढलंस गं?

डॉ. रेवती सी-४०३ (७.४४): सॉरी काकू. तुम्ही लिफ्टमध्ये आठ जणांसमोर सांगितलं होतंत, मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे.

डॉ. रेवती सी-४०३ (७.४९): आणि दालचिनीचंही तेच. आपल्याकडे किराणा दुकानात बहुतेक जाड सालीची मिळते, ती कॅशिया. तिच्यात कूमरिन असतं, रोज भरपूर पोटात गेलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. श्रीलंकेची दालचिनी पातळ पापुद्र्यांची, सुरळीसारखी असते. नखाएवढा तुकडा घालणाऱ्यांनी घाबरू नये. चमचा चमचा पूड घालणाऱ्यांनी जरूर घाबरावं.

कांबळे ताई बी-१०२ (७.५१): ताई, माझी लोहाची गोळी मी सकाळच्या चहासोबतच घेते. चालेल ना?

डॉ. रेवती सी-४०३ (७.५२): अजिबात नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. गोळीनंतर निदान तासभर चहा नको. पोह्यांबरोबर चहा ढोसणाऱ्यांनाही हेच लागू.

निखिल सी-१०१ (७.५५): पोह्यांबरोबर चहा नाही? मग पुण्यात राहायचं कशाला?

साठे ए-२०२ (७.५६): साखर किती?

निखिल सी-१०१ (७.५९): मी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवर उभा आहे. पितळी पातेलं, ठेचलेलं आलं, वेलची. इथे कोणी औषधांची चर्चा करत नाही.

परांजपे बी-३०१ (८.०३): २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेसुद्धा तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा सांगितला होता. तो काय वेडेपणा होता? पण ज्यांना इथे कायमचं राहायचं नाही त्यांना ना तब्येतीचं गांभीर्य, ना सोसायटीचं.

डॉ. रेवती सी-४०३ (८.०६): काका, तो दिवसातून एक-दोनदा सांगितला होता. आपल्या बी विंगनं चार-चार वेळा प्यायला आणि मग जळजळ घेऊन माझ्या दारात रांग.

निखिल सी-१०१ (८.०७): काका, भाडेकरू आहे, पण मेंटेनन्स वेळेवर भरतो. थकबाकीची यादी नोटीस बोर्डवर आहे. मी तीत नाही एवढंच.

कांबळे ताई बी-१०२ (८.०८): अहो सकाळी सकाळी नको.

कदम (सेक्रेटरी) (८.२०): सर्वांस नमस्कार. ग्रुपच्या नावाचा तरी मान राखावा. शुक्रवारी ९.४० ला इथेच सूचना दिली होती की झाडांवर पिठ्या ढेकूण पडल्याने शनिवारी बागेत फवारणी होईल, ८ दिवस कोणीही पानं-फुलं तोडू नयेत. किती जणांनी वाचली ते मला दिसतं. अकरा. निघतोय, गाडी चालवणार आहे, फोन करू नये.

(८.२० ते ८.३४ कोणाचाही मेसेज नाही.)

परांजपे बी-३०१ (८.३४): कदम साहेब, फवारणी पंपरूमच्या बाजूलाही झाली का? सहज विचारतोय.

परांजपे बी-३०१ (८.३६): आणि औषध कोणतं?

परांजपे बी-३०१ (८.३७): कदम?

निखिल सी-१०१ (८.३९): काका, तुमच्या फोटोत पातेल्याशेजारी हिरवं काय आहे? कृतीत तर नव्हतं.

परांजपे बी-३०१ (८.४०): कोथिंबीर.

देशपांडे काकू ए-१०४ (८.४०): हातभर लांब कोथिंबीर?

परांजपे बी-३०१ (८.४३): बरं, गवती चहा आहे. पण तो मंडईतला. काल जाऊन आणला.

मेधा परांजपे बी-३०१ (८.४५): काल मंडईत कधी गेलात? काल गुडघा दुखतोय म्हणून दळणसुद्धा मी आणलं.

मेधा परांजपे यांनी हा मेसेज डिलीट केला.

निखिल सी-१०१ (८.४६): वहिनी, उशीर झाला.

डॉ. रेवती सी-४०३ (८.४८): कोणी कोणी प्यायलं? औषधाचं नाव कळेपर्यंत उरलेला ओतून द्या. मळमळ, चक्कर वाटली तर लगेच फोन करा. मी घरीच आहे.

परांजपे बी-३०१ (८.४९): जरा चक्कर वाटतेय खरी.

साठे ए-२०२ (८.५०): साखर कमी झाली असेल. किती घातली होती?

कदम (सेक्रेटरी) (१०.३८): आत्ता बघतोय. एकोणीस मिस्ड कॉल? अहो, निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी होतं. माळ्यानं माझ्यासमोर कालवलं.

परांजपे बी-३०१ (१०.३९): मग ८ दिवस कशाला लिहिलंत?

कदम (सेक्रेटरी) (१०.४१): दोन लिहिले असते तर तुम्ही थांबला असतात?

देशपांडे काकू ए-१०४ (१०.४७): परांजपे, माझ्या कुंडीत गवती चहाचे ठोंब आहेत. संध्याकाळी दोन घेऊन जा आणि तुमच्या विंगकडे लावा. गुडघा बरा असेल तर.

परांजपे बी-३०१ (१०.५५): येतो. साबणाचा वास येत होता चहाला. मला वाटलं दालचिनी कॅशिया निघाली.