रोजच्या कॅरीला (अंगावर बाळगायला) छोटं .४५ चं पिस्तूल घ्यावं का? मी म्हणतो घ्यावं, बोला

फ्रिस्कोचा_सदा

मंडळी नमस्कार. टेक्सासात येऊन बरीच वर्षं झाली, सिटिझनशिप झाली, एलटीसी (पिस्तूल बाळगायचं लायसन्स) पण काढलंय (२०२१ च्या सप्टेंबरपासून २१ च्या वरच्यांना इथे परमिटशिवाय बाळगता येतं हे माहितीये, तरी काढलंय), आता रोज अंगावर ठेवायला एक पिस्तूल घ्यायचंय आणि ज्याला विचारावं तो डोळे झाकून तेच सांगतो, नऊ एमएम (९ मिलिमीटर रुंद गोळीचं) घे, छोटं सिग पी३६५ घे, विषय संपला.

मला हे पटत नाहीये. छोटं पिस्तूल घ्यायचं म्हणजे नळी आखूड, गोळ्या कमी, हे आलंच. मग ज्या काही मोजक्या गोळ्या आहेत त्या तरी दणकट नकोत का? हॉलो पॉइंट (पुढे भोक असलेली गोळी) आत गेल्यावर फुलते म्हणतात, मान्य, पण जाड जॅकेट किंवा डेनिम मधे आलं की पुढचं भोक कापडाने बुजतं आणि ती साध्या गोळीसारखी सरळ निघून जाते, हे पण तेवढंच खरं. नऊची नाही फुलली तर ९ मिलिमीटर. .४५ (इंच) ची नाही फुलली तरी साडेअकरा. वजन बघा, .४५ ची नेहमीची २३० ग्रेनची गोळी म्हणजे जवळपास १५ ग्रॅम, नऊची १२४ ग्रेनची म्हणजे ८. शिवाय .४५ आवाजाच्या वेगाखालून जाते, घराच्या आत उडवायची वेळ आली तर तो तडाखा जरा कमी.

डोक्यात दोन आहेत. ग्लॉक ३०, १० गोळ्या पण मूठ जाडजूड. नाहीतर स्मिथ अँड वेसनचं शील्ड .४५, चपटं, ३.३ इंच नळी, मॅगमधे (गोळ्यांच्या कप्प्यात) ६ किंवा ७. बोला.

रेंजवाला_अण्णा

सदाभाऊ, तुझ्याच आकड्यांत फरक अडीच मिलिमीटरचा निघतो. त्या अडीचसाठी काय काय सोडतोयस ते बघ. पी३६५ रिकामं अर्धा किलो, त्यात १० गोळ्या. ग्लॉक ३० भरलं की किलोला थोडंच कमी. शील्ड घेतलंस तर वजन वाचलं पण गोळ्या ६, आणि तेवढ्या हलक्या पिस्तुलात .४५ चा धक्का मनगटाला कळतो. पहिली गोळी सगळेच बरी मारतात रे, प्रश्न दुसरी आणि तिसरी कुठे जाते हा आहे.

मुळात ही मोठ्या गोळीची हौस आली कुठून ते माहितीये ना? ११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयचे एजंट आणि दोन बँक लुटारू. त्यातल्या प्लॅटला सुरुवातीलाच नऊची गोळी लागली, दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या साधारण इंचभर अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. दोन एजंट गेले, पाच जखमी. मग एफबीआयने गोळीला दोष दिला आणि १० एमएमच्या मागे लागले, तो बऱ्याच जणांना झेपेना म्हणून त्याचा दम कमी केला, आणि तेवढाच दम छोट्या काडतुसात बसतो म्हटल्यावर १९९० मधे .४० आलं. आणि एवढा सगळा फेरा मारून २०१४ नंतर गडी परत नऊवर! कारण त्या प्रकरणानंतर जेलीच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरण्याची जी परीक्षा ठरली, ती आता चांगली नऊची गोळी पास होते, कापडातून सुद्धा. ८६ ची गोळी आणि आजची गोळी यांचं फक्त नाव एक आहे.

गुहागरकर_ऑस्टिन

आला का एफबीआय! वाटच बघत होतो. अहो अण्णा, एफबीआयला हजारो एजंटांना एकच पिस्तूल द्यायचं असतं, लहान हात, मोठे हात, वर्षातून मोजकाच सराव करणारे, सगळ्यांना पास करायचं, वर गोळ्यांचं बजेट. ती त्यांची गरज. सदाला फक्त सदाला पास करायचंय. त्याचा हात मोठा असेल आणि तो दर आठवड्याला रेंजवर जाणार असेल तर त्याने सरकारी खरेदीचे निकष का लावावेत?

मी स्वतः ग्लॉक ३० च बाळगतो. डबल स्टॅक (गोळ्या दोन रांगांत) आहे, जाड आहे, हो. पण जाडीमुळेच हातात भरून बसतं आणि वजनामुळे धक्का खाऊन टाकतं. ते चपटं शील्ड .४५ मात्र बोट सोलतं, त्याबाबत अण्णांशी सहमत.

रेंजवाला_अण्णा

बजेट हे एक कारण झालं. त्यांनी हे पण स्पष्ट लिहिलं होतं की बहुतेक लोक नऊने जास्त लवकर आणि जास्त नेमकं मारतात. तो पगार घेऊन शिकलेला एजंट, आणि आपला सदा आयटीतला. सदाचं मनगट काय वेगळ्या मातीचं आहे? आणि दर आठवड्याला जाणार म्हणताय ना, .४५ चं खोकं नऊच्या दीडपट, कधी दुप्पट भावाने मिळतं. सहा महिन्यांत आठवड्याचा महिना होतो. बघतो मी रोज.

फ्रिस्कोचा_सदा

आयटीवाल्यांची मनगटं काढू नका 😄 पण अण्णा, डेनिमच्या मुद्द्याचं काय? पास होते म्हणालात, पण ती परीक्षा लांब नळीने घ्यायची आणि मी वापरणार तीन इंची, मग वेग कमी, आणि वेगावरच तर फुलणं अवलंबून. नऊचा सगळा जीव वेगात आहे. .४५ चा वजनात आहे, नळी कापली तरी वजन कापलं जात नाही.

रेंजवाला_अण्णा

वजन कापलं जात नाही, बरोबर, पण .४५ मुळातच सेकंदाला ८५० फुटाने निघते, ती पण पाच इंची १९११ (जुनं मोठं .४५ चं मॉडेल) मधून. नळी ३.३ केली की ८०० च्या खाली-वर. म्हणजे न फुलण्याचा धोका तुझ्या लाडक्या .४५ लाच जास्त. दोन्हींसाठी आखूड नळीच्या खास गोळ्या मिळतात, स्पीअरच्या गोल्ड डॉटमधे आहेत. त्या घे, पण मग तुझा मुद्दा राहिला कुठे?

गुहागरकर_ऑस्टिन

मुद्दा जागेवरच आहे. दोन्ही फुलल्या नाहीत तर कुठली बरी? उत्तर द्या.

रेंजवाला_अण्णा

जी लागली ती.

ह्युस्टनची_वैदेही

तुम्ही सगळे मिलिमीटर मोजताय, कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. मी ग्लॉक ४३एक्स (चपटं, नऊचं) बाळगते. लपवताना नळी नडत नाही, ती पँटच्या आत जाते. नडते ती मूठ. वाकलात की मुठीचं मागचं टोक शर्टातून वर येतं आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईला दिसतं. ग्लॉक ३० ची मूठ आखूड आहे पण जाडी किती! पोटावर पुढे, अपेंडिक्सच्या जागी लावून गाडीत बसा एकदा आणि डॅलसहून ह्युस्टनला या, मग सांगा.

आणि आपल्या लोकांचा खास प्रश्न. गणपतीला झब्बा घालता ना? झब्ब्याखाली काहीही लपतं असं वाटतं, पण लेंग्याला बेल्ट असतो का? किलोभर वजन नाडीच्या भरवशावर लटकवणार? मागच्या वर्षी पार्किंगमधे एक गृहस्थ एका हाताने नैवेद्याचा डबा आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून चालताना बघितलेत, मला लगेच कळलं काय ते. (वर हॉलच्या दारावर ३०.०६ ची पाटी होती, म्हणजे लायसन्स असलं तरी लपवून आत न्यायची नाही. परत गाडीपर्यंत गेले बिचारे, तसेच, कंबर धरून.) सलवार-कुर्त्याचं तेच, म्हणून मी आतून वेगळा बेली बँड (पोटाचा पट्टा) लावते, आणि त्यात जड असलेलं काहीही खाली सरकतं. तेव्हा सदा, आधी आठवड्यातले कुठले दिवस काय घालतोस ते लिही, मग कॅलिबर. जे ड्रॉवरमधे राहतं ते .४५ असलं काय अन् तोफ असली काय.

आणि ड्रॉवर म्हटलं म्हणून, मुलं आहेत ना घरात? १७ च्या आतल्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवलं तर टेक्सासात गुन्हा आहे. झटकन उघडणारी छोटी तिजोरी पिस्तुलाबरोबरच घे, नंतर बघू म्हणू नकोस.

रानडुक्कर

१० एमएमचं नावच घेऊन सोडून दिलं तुम्ही. ग्लॉक २९, आकाराने सदाच्या ३० एवढंच, १० गोळ्या. हिल कंट्रीत आमचा थोडा जमिनीचा तुकडा आहे, डुकरं कुंपण उखडतात, मला दुसरं काही चालत नाही.

गुहागरकर_ऑस्टिन

भावा, सदा फ्रिस्कोत राहतो. तिथे एचओए (कॉलनीची सोसायटी) सोडून काही अंगावर येत नाही.

रानडुक्कर

😂 बरं मग .४०. पोलिसांनी नऊवर जाताना टाकून दिलेली .४० ची ग्लॉक २२ दुकानांत ढिगाने आली होती, बाहेरून घासलेली, आतून ठणठणीत, स्वस्तात.

रेंजवाला_अण्णा

ग्लॉक २२ मोठं आहे, कॅरीला नको. आणि छोट्या २७ मधे .४० म्हणजे नुसता झटका, .४५ पेक्षा मला तेच जास्त त्रासदायक वाटतं. .४५ ढकलतं, .४० हिसका देतं. हे गुहागरकर पण मान्य करतील.

गुहागरकर_ऑस्टिन

करतो. आणि सदा, कुणी तीन इंची १९११ दाखवलं तर नजर फिरव. दिसायला देखणं, पण ते डिझाइन पाच इंचाचं, कापून छोटं केलं की स्लाइडला मागे जायला जागा कमी, स्प्रिंगवर ताण, वारंवार स्प्रिंग बदला, तरी मधेच अडकतं.

ऑप्टीच्या_रांगेत

थोडं विषयांतर, मी एच१बी वर आहे, मला पी३६५ घेता येईल का?

ह्युस्टनची_वैदेही

नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक घेणं आणि बाळगणं दोन्ही फेडरल कायद्याने मना आहे. शिकारीच्या लायसन्सचा एक अपवाद आहे, पण दुकानातला कुणी "घ्या हो काढून, सगळे काढतात" म्हणाला म्हणून ४४७३ फॉर्मवर (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) सही करू नकोस, आधी वकील गाठ. ग्रीन कार्ड झालं की घेता येतं. आणि सदा, बायको अजून व्हिसावर असेल तर तिच्या हाती लागेल असं घरात ठेवण्याबद्दल पण वकिलाला विचार.

फ्रिस्कोचा_सदा

तिचं पण सिटिझनशिप झालंय. तिचा आक्षेप कायद्याचा नाही, एकूणच आहे.

नागपूर_३२

काहून भांडता बे एवढे! इकडे ९ एमएमच प्रोहिबिटेड बोअर (सामान्यांना मनाई). साध्या माणसाकडे हँडगन असली तर बहुतेक .३२. कानपूरचं रिव्हॉल्वर आहे माझ्याकडे, वडिलांचं लायसन्स होतं, मग माझं झालं. ते काढताना एसीपीसमोर जिवाला धोका काय आहे ते सांगा, चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब. निवडणूक लागली की नेऊन ठाण्यात जमा करा, पावती घ्या, निकालानंतर परत आणा. २०१४ मधे त्याच कानपूरने बायकांसाठी म्हणून निर्भीक काढलं, ते पण .३२ च. तुम्ही लोक .४५ फुललं नाही तर काय यावर रात्र काढताय, मजा आहे भाऊ.

पुण्याहून_बघतोय

मला एक कळत नाही, फ्रिस्कोसारख्या ठिकाणी ऑफिस, कॉस्टको, मुलांचा क्लास, एवढ्यासाठी कमरेला पिस्तूल लागतंच कशाला? गावच बदला ना.

फ्रिस्कोचा_सदा

लागतं की नाही यावर आमच्या घरीच रोज धागा चालतो, तो इथे नको. घ्यायचं ठरलंय, कुठलं ते विचारतोय.

गुहागरकर_ऑस्टिन

पुणेकर, तुम्ही "सात पिढ्यांत गरज पडली नाही" म्हणणार, आम्ही "पडली तर" म्हणणार, हे संपणारं नाही. सोडा.

फ्रिस्कोचा_सदा

बरं, वैदेहीताईंच्या प्रश्नाचं उत्तर. आठवड्यात चार दिवस जीन्स आणि बाहेर सोडलेला शर्ट, बेल्ट चांगला जाड आहे. एक दिवस ऑफिस, तिथे नेताच येत नाही, कंपनीचा नियम. शनिवार-रविवार शॉर्ट्स किंवा झब्बा. म्हणजे ग्लॉक ३० जेमतेम चार दिवस जमेल आणि वीकेंडला ड्रॉवर. हे मला खुपतंय, खरं सांगतो. शील्ड .४५ कदाचित सगळे दिवस जमेल. पण म्हणून मी नऊवर येत नाहीये हं अण्णा, डेनिमचं माझ्या डोक्यातून जात नाही.

रेंजवाला_अण्णा

नको येऊस. दोन्ही भाड्याने मिळतात, शनिवारी ये. सात यार्डावर सहा गोळ्या, टायमर लावून, एकदा शील्ड .४५ ने, एकदा पी३६५ ने. होल्स्टरमधून (म्यानातून) नको, टेबलावरून उचल, नवीन आहेस. सहाच्या सहा कागदी ताटलीत बसायला किती सेकंद लागतात ते तूच लिहून घे, मी तोंड उघडणार नाही.

गुहागरकर_ऑस्टिन

मी पण येतो. माझं ३० पण आणतो, त्याला पण त्याच टायमरवर लावा. आणि अण्णा, नऊसाठी सोयीची लेन निवडायची नाही, तिन्ही एकाच लेनवर.

रेंजवाला_अण्णा

एकाच लेनवर. .४५ च्या गोळ्या ज्याच्या त्याने आणायच्या.