मदत हवी आहे: मोठा बगळा की मध्यम?

मंडळी, भिगवणला उजनीच्या काठावर काढलेल्या एका फोटोवर घोडं अडलंय. पंजे काळे, म्हणजे पिवळ्या पंजांचा लहान बगळा बाद. चोच पिवळी, टोक तेवढं काळं, म्हणून सोबतचे मध्यम बगळा म्हणतात. पण विणीच्या काळात मोठ्या बगळ्याचीही पिवळी चोच काळी होते. त्या अधल्यामधल्या दिवसांत टोक असं दिसू शकेल ना? जबड्याची रेघ, म्हणजे चोचीच्या फटीची मागे जाणारी रेघ, मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. नेमकी तीच जागा उन्हाच्या चकाकीत गेलीय! पाठीवर झालरीसारखी पिसं आहेत, छातीवर मात्र एकही नाही. मध्यम बगळ्याला विणीत दोन्हीकडे येतात ना? मग एवढ्यावरून मोठा बगळा म्हणावं का? की मानेचा बाक बघू?