सीबीनॅटमध्ये रेझिस्टन्स आलाय, मग परत सिक्वेन्सिंग कशाला?

डोंबिवली_फास्ट
माझ्या मेहुण्याचा बेडका तपासला, सीबीनॅटमध्ये (ती टीबीची झटपट मशीन-टेस्ट) टीबी निघाला आणि खाली लिहिलंय रिफाम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड. आता डॉक्टर म्हणतायत जंतूचं जीनोम सिक्वेन्सिंग करून घेऊ. अहो, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही हे कळलं ना एकदा, मग परत पैसे कशाला? बायको विचारतेय कोरोनात करायचे तेच का हे? सोमवारी सँपल द्यायचंय.

लॅबवाली
वहिनी बरोबर बोलतायत, तेच. जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, अक्षर-अक्षर वाचायची. २०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या सँपलमध्ये ते डबल म्युटेशन सापडल्याची बातमी आलेली, पुढे डेल्टा म्हणून गाजला तो त्याच घराण्यातला, ते असंच वाचून कळलं. फक्त कोरोनाची अक्षरं ३० हजार आणि टीबीच्या जंतूची ४४ लाख. सीबीनॅट त्यातली आरपीओबी जीनमधली ८१ अक्षरंच बघतं, म्हणून तर दोन तासात रिपोर्ट हातात. रिफाम्पिसिनचे बहुतेक बदल तिथेच असतात त्यामुळे काम भागतं, पण टीबीची बाकीची औषधं, आयसोनियाझिड चालेल का, लेव्होफ्लोक्सासिन चालेल का, हे साध्या सीबीनॅटला विचारूच नका. आयसोनियाझिडचंच बघा, बदल कॅटजी नावाच्या जीनमध्ये असेल तर ते औषध बहुतेक वेळा गेलंच, पण नुसता इनएचए जीनकडे असेल तर कधीकधी डोस वाढवून चालवतात. असले बारकावे सिक्वेन्सिंगमध्ये दिसतात, आणि बऱ्याच औषधांचे एकदम.

मिरजेचा_दादा
ताई बरोबर सांगतायत पण एवढं पण डोक्यावर घेऊ नका. माझ्या भावाच्या वेळी पहिलं सँपल परत आलं, का तर डबीत नुसती लाळ! शिवाय अख्खा जीनोम वाचायचा तर बऱ्याच ठिकाणी आधी कल्चरमध्ये जंतू वाढवतात आणि हा जंतू महाआळशी, आठवडेच्या आठवडे घेतो. थेट बेडक्यातून ठरावीक जीन वाचतात ते टार्गेटेड वालं लवकर येतं, डॉक्टरांना विचारा नक्की कुठलं करतायत. आणि बेडाक्विलिनचं (रेझिस्टंट टीबीचं औषध) म्हणाल तर बदल सापडला तरी प्रत्येकाचा अर्थ लागतोच असं नाही, तिथे कल्चर लावून औषध घालूनच बघावं लागतं. सरकारी टीबी सेंटरला एलपीए (काही औषधांचे ठरावीक जीन-बदल पट्टीवर दाखवणारी टेस्ट) आणि कल्चर फुकट होतं, आधी तिथे जाऊन या.

डोंबिवली_फास्ट
मग रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या थांबवायच्या का?

लॅबवाली
अजिबात नाही!! सीबीनॅटवरच रेझिस्टंट टीबीचा कोर्स सुरू करतात, पुढचे रिपोर्ट आले की डॉक्टर त्यात बदल करतील. आणि सोमवारी सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास, मग छातीतून खोकून काढायचा. उघड्यावर जाऊन, घरात नाही. डबीत घट्ट पिवळट दिसलं पाहिजे, पाण्यासारखं दिसलं तर देऊच नका.

डोंबिवली_फास्ट
ओके ताई, गच्चीवर पाठवतो त्याला.