ड्रायव्हर सीटचा उडालेला रंग: बी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

बी-४०२: नमस्कार मंडळी. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पांढुरकी पडलीय, बारीक भेगाही दिसतात. बेज लेदर आहे. फोटो टाकलाय. सीट कव्हरवाला म्हणतो सगळंच बदला. घरी रंग परत आणता येईल का?

बी-१०३: खोबरेल तेल चोळा. माझ्या कोल्हापुरी चपला वर्षानुवर्षं त्यावरच टिकल्यात.

बी-७०१: काका, चपलेला तेल उत्तमच, पण सीटला कृपा करून नको. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, वरून उघडं. ते तेल पितं. गाडीचं लेदर बहुतेक क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारांत) कमावतात आणि त्यावर रंगाचा थर, मग पारदर्शक थर चढवतात. तेल वरच राहतं, धूळ धरतं आणि नंतर नवा रंग तिथे बसत नाही.

बी-७०१: @बी-४०२ दादा, उतरता-चढताना पँट घासून घासून हा वरचा थरच गेलाय. खालचं चामडं शाबूत दिसतंय, बदलायची घाई करू नका. फक्त ते लेदरच आहे ना, ते बघा. बऱ्याच गाड्यांत बसायची जागा तेवढी लेदरची असते, कडा रेक्झिनच्या. सीटखाली कव्हरचा मोकळा काठ सापडेल, तो उलटा करा. आत विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन.

बी-५०५: आमच्या गाडीचे तर पापुद्रे निघतायत 😟

बी-७०१: वहिनी, मग ते रेक्झिनच असणार. पापुद्र्यावर रंग टिकत नाही, तेवढा तुकडा शिवून बदलून घ्या.

बी-४०२: बघितलं. आतून केसाळ आहे, कापड नाही.

बी-७०१: झकास, लेदरच! आता खरं काम सफाईचं. लेदर क्लीनर मऊ ब्रशवर घेऊन फेस करा, ओल्या फडक्यानं पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. जीन्सचा निळा डागही आत्ताच काढायचा. मग झिजलेल्या भागावर ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर (बारीक घासकागद) अगदी हलक्या हातानं घासा. शेवटी कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तेवढाच भाग पुसा. तेलकटपणा राहिला तर रंग पुढे सोलून निघतो.

बी-५०५: बुटाचं पॉलिश चालेल का? बेज रंगाचं मिळतं.

बी-७०१: नको वहिनी. पॉलिश म्हणजे मेण. उन्हात तापलं की पांढऱ्या सलवारीवर उतरेल. पाण्यातला लेदर कलर घ्या.

बी-७०१: भेगांत लेदर फिलर पातळ पातळ भरा, वाळला की पुन्हा घासा. रंग स्पंजनं टिपत लावा, ओढू नका. पहिला हात डागाळ दिसतो, घाबरून जाड थर देऊ नका, जाड थरालाच पुढे चिरा पडतात. पातळ हात, मधे हेअर ड्रायर, पुन्हा पातळ हात. शेवटी मॅट टॉप कोट, म्हणजे वरचा बिनचमकीचा पारदर्शक थर, नाहीतर रंग कपड्यांना लागेल. भोकांच्या लेदरवर स्पंज जवळजवळ कोरडा ठेवा, भोकं बुजतात.

बी-४०२: शेड कशी जुळवू? कंपनीच्या कोडवरून?

बी-७०१: कोडचा रंग नव्या सीटचा, तुमची इतक्या उन्हात उतरलीय. साफ केलेल्या सीटशीच जुळवा. सीटखाली ठिपका लावा, वाळू द्या, मग ठरवा. ओला रंग फसवतो. आणि बेसमेंटच्या ट्यूबखाली नको, दिवसाउजेडी बघा.

बी-७०१: एक फार महत्त्वाचं. पाठीच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का?

बी-४०२: हो, आहे.

बी-७०१: मग तिथल्या शिवणीत फिलर, गोंद काहीच जाऊ देऊ नका, टाकाही घालू नका. एअरबॅग ती शिवण फाडूनच बाहेर येते. रंगसुद्धा शिवण सोडून. थोडी फिकी राहिली तर राहू दे.

बी-२०१ (सेक्रेटरी): पार्किंगचा प्लग सोसायटीच्या मीटरवर आहे. ड्रायरपुरता वापरायला हरकत नाही, वॉचमनला सांगून लावा.

बी-४०२: धन्यवाद 🙏 या रविवारी करू?

बी-७०१: पाऊस असेल तर पुढे ढकला, दमट हवेत थर लवकर वाळत नाही. झाल्यावर दोन-तीन दिवस त्या सीटवर बसू नका. घोड्याच्या केसांचा ब्रश माझ्याकडे आहे, संध्याकाळी घेऊन जा.