'येणार' या एका शब्दावर घर बांधायचं का?

उंबरठा (धागाकर्ता)

मोकळं_अंगण यांचा परवाचा लेख वाचला. वाढत्या उपनगरात आत्ताच भूखंड घेऊन घर बांधा, शहरात अडकून राहिलेले पुढे पस्तावतील, असा एकूण सूर. प्रतिसाद द्यायला बसलो आणि तो इतका लांबला की म्हटलं, वेगळाच धागा काढावा.

लेखात 'येणार' हा शब्द किती वेळा आलाय ते मी मोजलं. अकरा वेळा. रुंद रस्ता येणार, रेल्वे येणार, शाळा येणार, रुग्णालय येणार. आलेलं काय आहे, तर फलक.

मी अशाच एका 'येणार'मध्ये नऊ वर्षं काढली आहेत. भूखंड घेतला तेव्हा मुलगी पहिलीत होती. समोरच शाळेची राखीव जागा दाखवली होती, तारेचं कुंपण, फलक, सगळं रीतसर. पोरगी आता दहावीला आहे. फलक अजून आहे. मध्यंतरी त्याला नवा रंग दिला, तेवढीच प्रगती.

'शहर वाढणारच' हे मान्य. पण कुठल्या अंगाला आणि किती वर्षांत, हे कोण सांगणार? इंग्लंडमधलं लेचवर्थ १९०३ साली वसवायला घेतलं. पाठीशी 'उद्याननगरी'ची कल्पना मांडणारा एबेनेझर हॉवर्ड, आराखडा आधी तयार, जमीन सामायिक, कारखान्यांनासुद्धा जागा ठेवलेली. तरी हॉवर्डच्या डोक्यातल्या ३२,००० वस्तीच्या आसपास पोचायला कित्येक दशकं गेली. इतकी तयारी असून ही गत, तर आपल्या चार दगड रोवलेल्या आखणीचं काय घेऊन बसलात?

माझं म्हणणं एवढंच. आज जे तिथे नाही ते कधीच येणार नाही असं धरून हिशेब मांडा. तरीही जमत असेल तर खुशाल बांधा. आणि जागा बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. रविवारी दुपारी सगळीच उपनगरं सुंदर दिसतात.

मोकळं_अंगण

अकरा मोजलेत, धन्य आहात. एवढा वेळ हाताशी आहे म्हणजे प्रवासाची तक्रार तरी नसावी.

अहो, सगळं 'आलं' की मग तो भूखंड तुम्हा-आम्हाला परवडतो का? 'येणार' असतं तेव्हाच आपल्यासारख्याच्या आवाक्यात असतं. त्याची किंमत म्हणून चार वर्षं गैरसोय काढायची, यात फसवणूक कसली?

आम्ही घरात सहा माणसं. आई-वडील, आम्ही दोघं, दोन मुलं. सध्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वडिलांचे गुडघे गेलेत. जिना उतरणं म्हणजे त्यांना मोहीम. मागच्या आठ महिन्यांत ते किती वेळा खाली उतरले ते मी बोटांवर सांगू शकतो. त्यांना जमिनीलगतची खोली आणि दाराबाहेर चार पावलं चालायला जागा हवी आहे. ती शहरात मला कोण देणार? तुम्ही? बरं, कचेरी तिथून फक्त पस्तीस मिनिटांवर आहे.

नुसता_वाचक

पस्तीस मिनिटं कधी मोजलीत? जागा दाखवणाऱ्याच्या गाडीतून?

श्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या माहितीवरून दाखवून दिलंय की प्रवास जितका लांब, तितकी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी. खरं तर स्वस्त घर किंवा जास्त पगार यातून प्रवासाचा त्रास भरून निघायला हवा. तो निघत नाही. घर घेताना खोल्या डोळ्यांना दिसतात, रोजचा रस्ता दिसत नाही.

मोकळं_अंगण

जर्मन लोकांना माझ्या वडिलांचे गुडघे दाखवले होते का? आणि रस्ता रुंद होतोय असं मी लेखातच लिहिलंय. वाचा तरी.

नुसता_वाचक

रुंद होऊ द्या. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ च्या सुमारास इतका रुंद केला की सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका होतात. कोंडी पुन्हा आलीच. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांचे आकडे तपासले. रस्ते ज्या प्रमाणात वाढले, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढली. रस्ता रुंद झाला की तुमच्यामागून आणखी हजार 'मोकळी अंगणं' येतात हो. पस्तीस मिनिटं पहिल्या वर्षाची आहेत.

दुसरी_चावी

सगळे पुरुष मिळून कचेरीचं अंतर मोजताय, म्हणून लिहिते.

आम्ही बांधलं उपनगरात. यांची कचेरी चाळीस मिनिटांवर, त्याचा हिशेब सहा महिने चालला होता. माझा हिशेब कोणी केला नाही. मी तेव्हा नोकरी सोडलेली, म्हणजे माझा वेळ फुकट. मुलाची शाळा एका टोकाला, मुलीचा वर्ग दुसऱ्या टोकाला, सासूबाईंचे डॉक्टर शहरात. एक दिवस वहीत लिहून काढलं: सकाळी सात ते रात्री आठ, नऊ फेऱ्या. मुलीचा वर्ग पाऊण तासाचा, तेवढ्यात घरी येऊन परत जाणं शक्य नाही. म्हणून मी गाडीत बसून राहायचे. दोन वर्षं मंगळवार-शुक्रवार मी त्या गाडीत बसून काढली. स्टिअरिंगवर वही ठेवून किराणाची यादी करायची, ती घासून त्यावरचं कातडं एका जागी गुळगुळीत झालंय.

घर छान आहे. अंगण आहे. अंगणात बसायला मी घरी नसते.

मोकळं_अंगण

ताई, हा मुद्दा मान्य. आमच्याकडे दोघंही गाडी चालवतो, त्यामुळे वाटून घेऊ.

दुसरी_चावी

आमच्याकडेही वाटूनच घ्यायचं ठरलं होतं.

शेजारी_क्रमांक_३

रस्ता, शाळा, गाड्या, सगळं नंतर. आधी पायाखाली काय आहे ते विचारा! आमच्या वसाहतीत सतरा घरं आहेत आणि सतराही घरांना भेगा. भूखंड घेताना सपाट, सुंदर जमीन. नंतर गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, इथे पूर्वी डबकं होतं, पोरं म्हशी डुंबवायची. म्हणजे आम्ही घर बांधलंय ते भरावावर. कोणी सांगितलं? कोणी नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली ती तिरकी छतापर्यंत. भराव हा प्रकारच गुन्हा ठरवला पाहिजे. जपानचं कान्साई विमानतळ बघा, भरावावर बांधलं, १९९४ ला सुरू झालं आणि खचतच चाललंय.

ओळंबा

दहा मीटरच्या वर खचलंय हे खरं, पण कारण उलटं सांगताय. तिथे मुख्य दोष भरावाचा नाही. भरावाच्या वजनाने खालची समुद्रतळाची मऊ चिकणमाती दबत गेली, तीही अंदाजापेक्षा जास्त. आणि खचणार हे आधीच धरलेलं असल्यामुळे इमारतीचे खांब जॅकने उचलता येतील असे केले आहेत. भराव नीट थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून दाबला आणि पाया त्याखालच्या पक्क्या थरापर्यंत नेला, तर काही होत नाही. मी तीस वर्षं हेच काम करतोय.

तुमची भेग तिरकी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली. उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात मिटते का? तसं असेल तर भराव नव्हे, काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. भिंतीपासून किती अंतरावर मोठं झाड आहे?

शेजारी_क्रमांक_३

झाडाचा काय संबंध? आता झाडावर ढकला! तुमच्यासारख्याच एका तीस वर्षंवाल्याने आमच्या नकाशावर सही केली होती. माती तपासली का विचारलं तर म्हणाला, "शेजारच्यांची तपासलीय, तीच धरू." शेजारची! शेजाऱ्याचं रक्त तपासून मला औषध देणार का?

ओळंबा

तसं म्हणणारा माणूस गाढव होता, त्याचं पाप माझ्या माथी मारू नका. पण झाडाचा संबंध आहे. मुळं मातीतलं पाणी ओढतात, चिकणमाती आकसते, पाया एका अंगाला बसतो. ब्रिटनमध्ये १९७६ च्या दुष्काळात अशा खचलेल्या घरांचे विमा दावे ढिगाने आले होते.

हिरवी_सावली

झाला! शेवटी झाडावरच घसरलात. आमच्या वसाहतीत असंच कोणीतरी 'तज्ज्ञ' येऊन गेला आणि एका आठवड्यात चार जुनी झाडं गेली. भेगा तशाच आहेत. आता घरं तापतात म्हणून तीच माणसं रडतात. झाडं आधी होती, तुम्ही नंतर आलात. घर झाडापासून लांब बांधा ना!

ओळंबा

मी 'तोडा' कुठे म्हणालो? 'अंतर किती' एवढंच विचारलंय. उलट अशा मातीतलं जुनं झाड एकदम तोडलं तर ती माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि घर वर उचललं जातं. म्हणजे तुमच्या वसाहतीत भेगा तशाच राहणं यात नवल नाही.

हिरवी_सावली

बरं. एवढं एक वाक्य त्या तज्ज्ञाला पाठवा, उपकार होतील.

शेजारी_क्रमांक_३

सगळी पांघरुणं घालणारी जमात! भेग माझ्या घराला आहे, तुमच्या नाही. इथे बसून कुणीही भविष्य सांगेल.

उंबरठा (धागाकर्ता)

काका, जरा आवरतं घ्या. ओळंबा फुकट सल्ला देतायत. (मूळ विषय उपनगराचा होता, हे मी आता कुणाला आठवण करून देणार नाही.)

ओळंबा

राहू द्या हो, सवय आहे. काका, एक करा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवा, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करा, शेजारी तारीख लिहा. अशा दोन-तीन लावा. काच अखंड राहिली तर भेग जुनी आणि मेलेली, भरून रंग द्या. फुटली तर घर अजून हलतंय, मग कितीही पुट्टी भरा, पैसे पाण्यात. काचेला माझ्याबद्दल काही प्रेम नाही, ती खरं सांगेल.

आणि मोकळं_अंगण, तुम्हालाही. लेखात तुम्ही म्हटलंय, शेजारच्या ओढ्याला 'शंभर वर्षांतून एकदा' पूर येतो, म्हणजे काळजी नाही. त्याचा अर्थ शंभर वर्षं सुट्टी असा नसतो. दर वर्षी शंभरात एक, असा असतो. कर्जाच्या तीस वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. आणि तीही वरच्या अंगाला काही बांधलं नाही तर. वरच्या अंगाला सगळं काँक्रीट झालं की पाणी जमिनीत मुरत नाही, सरळ खाली तुमच्याकडे येतं. वाढतं उपनगर म्हणजे वरचा अंगही वाढणारच की.

मोकळं_अंगण

हे गणित मला भूखंड दाखवणाऱ्याने सांगितलं नव्हतं, एवढं कबूल करतो. बाकी तुम्ही सगळ्यांनी मिळून मला शहरात तिसऱ्या मजल्यावर ठेवायचंच ठरवलेलं दिसतंय.

उंबरठा (धागाकर्ता)

कोणी ठेवत नाहीये. मी स्वतः नऊ वर्षं तिथेच राहतोय, सोडून गेलेलो नाही.

मोकळं_अंगण

का बरं? एवढं वाईट आहे तर?

उंबरठा (धागाकर्ता)

कर्ज. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी गच्चीत वारा येतो. आनंद झाला?

मोकळं_अंगण

फारच. बारावा 'येणार' तुम्हीच लिहिलात: वारा.

नुसता_वाचक

'येतो' लिहिलंय त्यांनी. वारा आलेला आहे, शाळा यायची आहे.

दुसरी_चावी

मोकळं_अंगण, एकच काम करा. कामाच्या दिवशी सकाळी सव्वासातला बायकोला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही शेजारी बसा. भूखंडापासून शाळा, शाळेपासून दवाखाना, तिथून परत. वडिलांनाही सोबत घ्या. मग काय ते ठरवा.

शेजारी_क्रमांक_३ (सतरा दिवसांनी)

काचेच्या तीन पट्ट्या लावल्या होत्या. खिडकीजवळची फुटली. बाकी दोन ठीक. ओळंबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण मातीचा तपास कोणाकडून करून घ्यायचा ते सांगा. आणि झाड भिंतीपासून अकरा फुटांवर आहे. तोडणार नाही.

ओळंबा

तोडू नकाच, वर सांगितलंय. तपासाचं निरोपात कळवतो. नमुने तीन-चार ठिकाणचे घ्यायला लावा, आणि शेजारच्यांचे धरायचे नाहीत!

मोकळं_अंगण (आणखी चार दिवसांनी)

ताईंनी सांगितल्याप्रमाणे गेलो. पस्तीसची बावन्न मिनिटं झाली. बायको परत येताना काही बोलली नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. आदल्या रात्री पाऊस होता. भूखंडाच्या खालच्या कोपऱ्यात उभा राहिलो तर बूट घोट्यापर्यंत आत गेला आणि काढताना पायातच राहिला नाही.

वडील मात्र गाडीतून उतरले, काठी टेकत वरच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथेच दगडावर बसले. उठायला तयार नव्हते. त्याच आखणीत वरच्या अंगाला एक लहान भूखंड शिल्लक आहे, ओढ्यापासून लांब. माती तपासायला दिली आहे. शाळा नाही असं धरून हिशेब चाललाय. अजून जमलेला नाही.

उंबरठा (धागाकर्ता)

बूट मिळाला का?

मोकळं_अंगण

नाही.