व्हिरुलन्स आणि रेझिस्टन्सला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: पोटातल्या जिवाणूंवरचं एक माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय. सध्या व्हिरुलन्सला (जिवाणूची आजार घडवायची ताकद) ‘विषारीपणा’, रेझिस्टन्सला (औषधाचा जिवाणूवर परिणाम न होणं) ‘प्रतिकारशक्ती’ आणि हॉरिझॉन्टल जीन ट्रान्सफरला (एका जिवाणूची जनुकं दुसऱ्यात जाणं) ‘क्षैतिज जनुक हस्तांतरण’ असं लिहिलंय, पण वाचताना तिन्ही खटकतायत. यापेक्षा बरं काही सुचतंय का?

प्रतिसाद: ‘विखार’ कसा वाटतो? छोटा आहे, कानाला सवयीचा आहे.

प्रतिसाद: विखार छानच शब्द आहे, पण त्यातही विषच आलं की, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. २०११ची जर्मनीतली जुलाबाची साथ बघा. मे ते जुलैमध्ये साडेतीन हजारांवर लोक आजारी पडले, त्यातल्या ८५५ जणांच्या रक्तपेशी फुटून किडनीवर परिणाम झाला, तिथे ५३ माणसं गेली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि शेवटी माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांना आलेल्या मोडांपर्यंत. जिवाणू कुठला, तर ई. कोलाय, ज्याचे साधे प्रकार आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात. पण हा जो प्रकार होता, ओ१०४, त्याच्याकडे तीन गोष्टी तीन वाटांनी आल्या होत्या. आतड्याच्या अस्तराला रचलेल्या विटांसारखं थरावर थर चिकटून बसायची ताकद एका प्लाझ्मिडवर (म्हणजे जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळ्या, छोट्या डीएनएच्या कड्यावर), शिगा टॉक्सिन नावाचं विष तयार करायचं जनुक एका फेजवर (म्हणजे जिवाणूंनाच संसर्ग करणाऱ्या विषाणूवर, तो जिवाणूच्या डीएनएत शिरून तिथेच राहिला होता), आणि पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन ही अँटिबायोटिक्स निकामी करणारं एन्झाइम तिसरीकडे, दुसऱ्या प्लाझ्मिडवर. यातलं विष हे एकच, चिकटणं हे काही विष नव्हे, पण व्हिरुलन्समध्ये ते तितकंच मोजतात, कारण घट्ट चिकटला म्हणून तर तो आतड्यात टिकला आणि विष सोडत राहिला. म्हणून मी ‘उपद्रवक्षमता’ म्हणेन. लांब आहे, मान्य, पण खोटा नाही.

‘प्रतिकारशक्ती’ मात्र कृपा करून काढाच. हा शब्द माणसाच्या शरीरासाठी इतका रुळलाय की वाचणाऱ्याला वाटणार पेशंटची शक्ती वाढली, चांगलंच झालं की! शिवाय ‘अँटिबायोटिकची शरीराला सवय होते’ हे आपण रोज ऐकतो, ते चूक आहे आणि त्याला या शब्दाने आणखी बळ मिळतं. सवय शरीराला होत नाही, औषधाला बधेनासा होतो तो जिवाणू. मराठीत ‘दाद देत नाही’ असं सरळ म्हणतातच ना? ‘औषधाला दाद न देणारे जिवाणू’ कुणालाही कळेल. नामच हवं असेल तर ‘औषधरोध’.

प्रश्नकर्ती: हे पटलं, बदलते. आणि ‘हस्तांतरण’? ‘देवाणघेवाण’ केलं तर सोपं होईल ना?

प्रतिसाद: ताई, दोन्हीत एक गफलत आहे. जमीन हस्तांतरित केली की देणाऱ्याकडे उरत नाही, इथे उरते. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो, प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक पलीकडे सरकतो, मग दोन्हीकडे जोडीचा धागा नव्याने तयार होतो आणि शेवटी दोघांकडेही पूर्ण प्लाझ्मिड! देणाऱ्याचं काहीच गेलं नाही, म्हणून तर हे इतकं झपाट्याने पसरतं. घेवाणही नाही, घेणारा बदल्यात काही देत नाही. आणि देणारा घेणारा एकाच जातीचे असावे लागतात असंही नाही. जपानमध्ये रक्ती आवेच्या पेशंटमधला शिगेला हा जिवाणू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम दाद देईना, तेव्हा १९५९मध्ये आकिबा आणि ओचिआई या संशोधकांनी दाखवलं की ई. कोलाय आणि शिगेला एकत्र वाढवले तर हा गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एकेका औषधासाठी वेगळं काही घडावं लागलंच नाही, चारही एका गठ्ठ्याने गेले. मी ‘जनुकांची नक्कल शेजारच्या जिवाणूत जाणे’ असं लिहीन, आणि आडवं कशाला म्हणतात ते एकदाच सांगेन, की आईकडून मुलीकडे जातं ते उभं, शेजाऱ्याकडे जातं ते आडवं. ‘क्षैतिज’ नको. प्लाझ्मिड आणि फेज तसेच ठेवा.

प्रतिसाद: पत्रकात अजून एक घाला. अशा शिगा टॉक्सिनवाल्या जुलाबात मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. काही अँटिबायोटिक्समुळे जिवाणूच्या डीएनएला इजा होते, तेव्हा आत दडलेला फेज जागा होतो, भराभर वाढतो आणि विषही वाढतं. रक्त पडत असेल तर थेट डॉक्टर.

प्रश्नकर्ती: घालते. आणि मोडांचं? लोक मटकी खायची सोडतील.

प्रतिसाद: सोडायची गरजच नाही, जर्मनीत ते मोड कच्चे खाल्ले गेले होते. मोड येताना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते, बीवर थोडे असले तरी वाढतात. उसळ नीट शिजवली की मरतात. ‘कच्चे मोड’ असं स्पष्ट लिहा, नुसतं ‘मोड’ नको.